शुक्रवारचं व्होल्टेज

चालणारा पंखा मी दुरुस्त केला, ही माझी चूक.

बंद पडलेला पंखा बिघडवायला काहीच लागत नाही. चालणारा बिघडवायचा तर थोडंफार ज्ञान लागतं, आणि ते माझ्याकडे नेमकं तेवढंच होतं.

मे महिना पुन्हा आलाय. आला म्हणजे काय, येऊन बसलाय. उठायचं नाव घेत नाही. दुपारचे तीन वाजले की डोक्यावरचा पंखा गरम हवा खाली ढकलतो, ती माझ्या अंगावरून घसरून फरशीवर पडते, आणि पंखा तीच उचलून पुन्हा खाली ढकलतो. भिवंडीला खाडी आहे, पण तिचा वारा आमच्या आळीपर्यंत येता येता दमतो. मीही हल्ली तसाच. पेपर हातात घेतो, दोन ओळींनंतर तो छातीवर येतो. डोळे मिटले की दरवर्षी तोच एक उन्हाळा आठवतो. सत्तर ते ऐंशीच्या मधला. नेमका कुठल्या सालचा, ते छातीठोक सांगत नाही. थोरली लेक दुसरीत होती, एवढं नक्की.

तेव्हाची भिवंडी कानांनी ओळखायची. एसटीतून उतरायच्या आधीच ती ऐकू यायची. यंत्रमागांची, आमच्या भाषेत लूमची, खटक-खट, खटक-खट, घराघरातून, गल्लीगल्लीतून, पायाखालच्या जमिनीतूनसुद्धा. नवा पाहुणा तासाभरात डोकं धरायचा. आम्ही मात्र तो आवाज थांबला की दचकायचो. एवढ्या मोटरी गावात, सगळ्या गरगर फिरताहेत, आणि वारा कुठेच नाही. लूमच्या शेडमध्ये पंखा लावत नसत. वाऱ्यानं सूत सुकतं, सुकलं की तुटतं, तुटलं की लूम थांबतो. म्हणून खिडक्यासुद्धा अर्ध्या लोटलेल्या. माणसं बनियनवर, घामानं निथळत, भुवयांवर सुताची पांढरी धूळ घेऊन बारा-बारा तास ड्युटी करायची. जपायचं ते सुताला.

मी लूमवाला नव्हे. सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कारकून होतो. सुताच्या मोठ्या रुळांवर खडूनं नंबर टाकायचे आणि ते कुठल्या शेडला जायचे ते ओरडून सांगायचं, हे माझं काम. दिवसभर शिजणाऱ्या खळीचा वास नाकात इतका बसायचा की घरी आल्यावर पेज प्यावीशी वाटत नसे. अशा माणसानं विजेचे जुनेपुराणे पंखे का गोळा करावेत? आजही नीट सांगता येणार नाही. एकदा मुंबईच्या जुन्या बाजारात, फुटक्या आरशाशेजारी, पितळी पात्यांचा एक टेबलपंखा पडलेला दिसला. मी बोटानं पातं ढकललं. ते सावकाश फिरलं आणि थांबायच्या आधी जरासं मागे आलं, काही विचारायचं राहून गेल्यासारखं. झालं. मी तो काखेत मारून घरी आलो.

तो बाजार भरायचा शुक्रवारी पहाटे, आणि भिवंडीची सुट्टीही शुक्रवारचीच. लूम बंद, सायझिंग बंद. हा योग देवानंच माझ्यासाठी जुळवलाय असं मला वाटायचं. दर शुक्रवारी गाव गप्प झालं की मी पहिल्या एसटीनं निघायचो आणि संध्याकाळी काखेत काहीतरी गंजलेलं घेऊन परतायचो. बघता बघता सात पंखे झाले. एक बोटीवरचा, त्याला लागणारी वीज फक्त बोटीवरच मिळायची. दोन मुंबईच्या जुन्या इमारतींतले, तिथल्या डीसी विजेवर वाढलेले. आमच्या घरातल्या विजेला ते ओळखच दाखवत नसत. एकाची मान मोडलेली. एकाला पाती नव्हती, एकाची नुसती पातीच होती. सातवा चालायचा, पण शॉक द्यायचा. सगळ्यांचं पितळ मात्र आरशासारखं. घरातली चिंच आमटीत कमी आणि पात्यांवर जास्त जात होती.

घरात वारा यायचा तो छतावरच्या साध्या करड्या पंख्याचा. लग्नात सासऱ्यांनी कोन गावाहून पाठवलेला. त्याला ना वय, ना रूप. मी कधी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नाही.

माझी बायको कमल दर शुक्रवारी संध्याकाळी दारातच उभी असायची. काखेतल्या वस्तूकडे बघून म्हणायची, "आनला का आजून येक म्हातारा? सगले गोला करून ठेवल्यात घरान. येक तरी चालतो का?"

"चालेल गं."

"कवा? आपून चालायचे बंद झाल्यावर?"

आमच्या चाळीसमोरचा रस्ता ओलांडला की उस्मानचाचांचं घर. मधे गावात दंगलीचे वाईट दिवस येऊन गेले होते. त्यानंतर रस्ता तोच राहिला, पण तो ओलांडणं कमी झालं. कुणी बंदी घातली नव्हती; सवय मोडली, एवढंच. माझी चाचांकडची ये-जा टिकली ती त्यांच्या पंख्यापायी, आणि तिच्यात मायेपेक्षा माझा लोभ जास्त होता, हे कबूल करून टाकतो. काय पंखा होता! बिडाची जड काळी बैठक, चार पितळी पाती, आणि डावीकडून उजवीकडे अशी मान वळवायचा की दरबारात बसलेला कुणी सरदार वाटावा. ज्या शेठच्या शेडमध्ये चाचांचा जन्म गेला, त्यानं तो निरोपाच्या वेळी दिला होता. आयुष्यभर वारा बंद करून काम केलेल्या माणसाला शेवटी वारा भेट. चाचांना यातली गंमत बरोबर कळली होती. म्हणायचे, "शेठ ने सोचा होगा, अब इसका सूत टूटा तो टूटा."

चाचांच्या छातीत ती सगळी वर्षं धूळ होऊन बसली होती. डॉक्टर दमा म्हणायचे. आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून ते दिवसभर पाठीला लोड लावून दाराकडे तोंड करून बसलेले असत. समोरून वारा लागला की श्वास सुटायचा, वारा थांबला की खांदे वर-खाली व्हायला लागायचे. मला तो पंखा हौसेचा वाटायचा. त्या घरात तो औषधाच्या बाटलीसारखा होता.

एका मंगळवारी त्यांची मुलगी जुबेदा आमच्या दाराशी आली. सासर सुटलेली, बापाला सांभाळून असणारी, मोजकं बोलणारी बाई. म्हणाली, "पाटीलभाई, पंखा लय आवाज करतो आता. मी आत भाकऱ्या थापते तेव्हा अब्बाची साँस ऐकू येत नाही. दर दोन मिनटाला उठून बघावं लागतं. तेवढा आवाज काढून द्या. बाकी काही करू नका."

बाकी काही करू नका, हे तिनं दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान हलवली.

आवाज झिजलेल्या बुशचा, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्याचा, होता. बुश बदललं, तेल सोडलं. अर्ध्या तासाचं काम. तिथे मी उठलो असतो तर आज निवांत पेपर वाचत पडलो असतो. पण इतकी वर्षं ज्याच्यावर डोळा ठेवला तो पंखा पोट उघडून माझ्यासमोर पडलेला, आणि मी कारकून. नुसता चालवून पाहिला, तर कसा मलूल फिरला! फिरणारच. मंगळवारची संध्याकाळ, गावातले सगळे लूम चालू. व्होल्टेज इतकं पडलेलं की बल्बमधली तार लाल निखाऱ्यासारखी दिसत होती. पण मला वाटलं, दोष कॉइलचा आहे. तारेचे वेढे जास्त झालेत. विलायतेत बसून ज्यानं हा बनवला त्याला भिवंडीचं व्होल्टेज काय ठाऊक! आपण त्याची चूक सुधारू.

मी जुनी तार कापून काढली. किती वेढे होते ते मोजायला हवं होतं. नाही मोजलं. नवी तार भरली आणि वेढे बरेच कमी ठेवले. वेढे कमी, जोर जास्त. एवढं मी लूमच्या मोटरी भरणाऱ्या नाना मिस्त्रीच्या दुकानात उभ्या उभ्या ऐकलं होतं. बसून ऐकलं असतं तर पुढचं वाक्यही कानावर पडलं असतं.

बुधवारी पंखा चाचांसमोर ठेवून बटण दाबलं. आवाज नाही. नुसता वारा, असा की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं आणि चाचांची दाढी एका बाजूला वळली. त्यांनी डोळे मिटले. दोन-तीन लांब श्वास घेतले, अगदी पूर्ण, तळापर्यंत. "अरे पाटील," ते म्हणाले, "ये तो तू खाड़ी का वारा पकड़ के लाया." आतून जुबेदा कान देऊन ऐकत होती. भाकरी थापायचा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. तेवढ्यानं मला आकाश ठेंगणं झालं. बुधवार आणि गुरुवार, नुकतीच लेक दिलेल्या बापासारखा मी दिवसातून तीनतीनदा तिकडे डोकावत होतो. सायझिंगमध्ये भेटेल त्याला सांगत होतो.

आणि मग शुक्रवार आला.

भिवंडीत शुक्रवारी दिवे प्रखर होतात हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. लूम थांबले की त्यांची सगळी वीज घरांत शिरायची. बायका तांदूळ निवडायचं, सुईत दोरा ओवायचं काम शुक्रवारच्या संध्याकाळवर ठेवून द्यायच्या. मलाही हे माहीत होतं, पण ऐकून. शुक्रवारी मी भिवंडीत असायचो कुठे? मी जुन्या बाजारात उकिडवा बसून कुणाच्या तरी गंजक्या पात्यांना बोट लावत असायचो.

त्या दिवशीही तसाच होतो. संध्याकाळी काखेत सातवा म्हातारा घेऊन रस्त्याच्या वळणावर आलो, तर चाचांच्या दाराशी गर्दी. त्यांना बाहेर ओट्यावर आणून बसवलं होतं. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवलेले, तोंड उघडं, गळ्याच्या शिरा ताणलेल्या. श्वास आत जाताना शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. कमल त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. रस्ता ओलांडून ती त्या घरी किती दिवसांनी गेली होती, कोण जाणे.

झालं होतं ते असं. नमाज आटोपून चाचा लोडाला टेकले आणि किती तरी दिवसांनी त्यांचा डोळा लागला. पंखा जोरात फिरू लागला. जुबेदाला वाटलं, वा. मग आणखी जोरात. मग जळका वास, आणि मग जाळीतून काळा धूर, थेट समोर बसलेल्या माणसाच्या तोंडावर. पंखा शेवटपर्यंत इमानदार. जे होतं ते त्यानं पुढे फेकलं. जुबेदानं वायर उपसली, आरडाओरडा केला, आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंची माणसं धावली.

जुबेदानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या काखेतल्या पंख्याकडे. कमल बोलली. "ठेवा ते खाली," म्हणाली, "न् पानी आना."

शनिवारी जळकी कॉइल घेऊन नाना मिस्त्रीकडे गेलो. त्यानं ती हुंगली.

"व्होल्टेज कवाचं धरलंस?"

"मंगळवारचं."

नानानं हातातली पक्कड खाली ठेवली. "अरे बाबा, भिवंडीत मोटर भरायची ती शुक्रवारच्या अंदाजानं. बाकीचे सहा दिवस ती रडत का होईना, चालते. मूळ वेढे किती होते?"

मी चपलांकडे पाहिलं.

"म्हंजे मोजले न्हाय," नाना म्हणाला, आणि पुन्हा पक्कड उचलून आपल्या कामाला लागला.

मी भरली ती जाड होती; मुळातली तेवढी बारीक तार भिवंडीत मिळेना. नाना म्हणाला, सांगून ठेवतो, आली तर आली. तोवर मी माझी फौज बाहेर काढली. एकेक पंखा चाचांसमोर नेऊन ठेवायचा आणि नापास करून परत आणायचा. डीसीवाले ढिम्म. बोटीवरचा दोनदा कण्हला. शॉक देणारा सुरू केला, तर त्याला अंग घासणारी चाचांची मांजर अशी उडाली की दोन दिवस फिरकली नाही. चाचा हसले. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता चेहरा निळसर झाला, आणि जुबेदानं माझ्याकडे न बघता पंख्याची वायर काढून गुंडाळून माझ्या हातात दिली. सात म्हातारे घरात, आणि आठव्याला श्वास देऊ शकेल असा त्यांच्यात एक नाही.

मग विणलेला हातपंखा घेऊन बसलो. सायझिंगची शिफ्ट सुटली की चार वाजता चाचांकडे जायचं आणि तास-दीड तास वारा घालायचा. तेवढ्यात जुबेदा पाणी भरायची, पडायची. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत मनगट भरून आलं, मग कोपर, मग खांदा. हात बदलायचा, पुन्हा तेच. थांबलो की चाचांचे खांदे उचलायला लागायचे, म्हणून थांबता येत नसे. पितळ घासत मी शेकडो तास घालवले होते. पण वारा ही कष्टानं करायची गोष्ट आहे, एका माणसाच्या अंगातून निघून दुसऱ्याच्या छातीत जाणारी, हे मला तिथे मांडी घालून बसल्यावर उमगलं. उमगलं म्हणजे काही ज्ञान झालं नाही. नुसता दमलो. बाहेर खटक-खट चालू, आत आम्ही दोन माणसं, एक श्वास ओढणारा आणि एक ढकलणारा. दिवसेंदिवस चाचांचं बोलणं कमी होत गेलं. मान खाली झुकू लागली. भाकरी अर्धी, मग पाव, मग नुसता चहा. डॉक्टरांनी जुबेदाला बाजूला घेऊन काही सांगितलं. तिनं ते मला सांगितलं नाही.

एका शुक्रवारी दुपारी मी घरी जमिनीवर नाना प्रकारच्या तारा पसरून बसलो होतो. कोणती तार कुठे जोडून काही जमतंय का, बघत होतो. कमल जेवायला वाढत होती. हातातलं पातेलं तिनं तसंच खाली ठेवलं.

"अवो, त्या मानसाला श्वास घेवाला जमत न्हाय, न् तुमी आजून तारा गुंडालताव?"

"मग काय करू? तार आली की एका दिवसात..."

"वर बगा."

मी वर पाहिलं. करडा पंखा फिरत होता. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच नीट पाहिला. पात्यांच्या कडांवर धुळीची लव होती, बाकी काही नाही. कसलाही आवाज न करता, मंगळवार असो की शुक्रवार, तो आपला फिरत होता.

"तो काढा न् तिकडं लावा," कमल म्हणाली.

"अगं, आणि आपण? पोरी?"

"पोरी माज्या ओट्यावर बसतील. त्या काय मरत न्हाईत घामानं."

"लग्नातला आहे तो. तुझ्या बापानं..."

"माज्या बापानं वाऱ्यासाठी दिलावता. पूजेला न्हाय."

मी शिडी आणली. चाचांच्या खोलीत छताला हूक होता. पंखा टांगायला जेमतेम तासभर लागला, आणि त्या तासात मी कशाचीही सुधारणा केली नाही. जुबेदा शिडी धरून उभी होती. माझ्या हातांवरून तिची नजर हलली नाही. मी पक्कड काढली की विचारायची, "हे कशाला?" मी सांगितल्यावर मान हलवायची, मग मी पुढे. बटण दाबलं. वारा आला, साधा, सरळ, वरून खाली. चार दिवसांनी चाचा पूर्ण भाकरी जेवले. ते सांगायला जुबेदा रस्ता ओलांडून आली, पण माझ्याकडे नाही, कमलकडे. नंतर त्या दोघींचं जाणं-येणं जे सुरू झालं ते मग थांबलं नाही.

आमचं घर मात्र भट्टी झालं. सात जुने पंखे भिंतीशी रांगेनं बसून आम्हाला घामाघूम होताना बघायचे. पोरींनी त्यांच्यावर ओले फ्रॉक वाळत घातले. वाळले की मी ते घडी करून ठेवायचो.

जून लागला, हवा ओलसर झाली, चाचांची छाती मोकळी झाली, आणि आम्ही सगळ्यांनी तो उन्हाळा अंगावरून काढून टाकला. पुढच्या थंडीत चाचा गेले. त्या धुराचा त्याच्याशी संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले, जुबेदाही म्हणाली. ते मी अजून अधूनमधून स्वतःला म्हणून दाखवतो. चाचांचा पंखा माझ्याकडेच आहे. तार आल्यावर मी तो तीनदा भरला. एकदा तापला, एकदा नुसता गुणगुणला, एकदा उलटा फिरला. मूळ आकडा मी त्या मंगळवारी कापून फेकला होता, तो आता कुणालाच माहीत नाही. बाकीचे सात ज्याला हवे त्याला देऊन टाकले. जुना बाजार सुटला. शुक्रवारी मी घरीच असायला लागलो.

पण मे आला की त्यातलं दुसरं काही नाही, त्या महिन्याच्या अखेरची एक दुपार आठवते. करडा पंखा चाचांच्या डोक्यावर फिरत होता आणि अचानक लाइट गेली. रस्त्यावरचे लूम एकदम थांबले, गाव गप्प झालं. मी कोपऱ्यातला हातपंखा घेऊन त्यांच्यासमोर बसलो आणि सुरू केलं. डावा हात, उजवा हात. जुबेदा उंबऱ्यावर टेकून बसली होती. एवढी शांतता भिवंडीत पुन्हा मिळायची नाही असं वाटून मी धीर केला. इतके दिवस मनात ठेवलेलं बोलून टाकलं.

"चाचा, चूक झाली माझी. तुमच्या जिवावर बेतलं होतं. मला माफ करा."

चाचांनी डोळे मिटलेलेच ठेवले. मी वारा घालत राहिलो, आणि खरं सांगायचं तर माझे डोळे थोडे भरूनही आले. मग त्यांनी एक डोळा उघडला.

"माफी-वाफी बाद में, पाटील," ते म्हणाले. "पहले पंखा सीधा पकड़. घंटे भर से सारी हवा तू अपने ही मुँह पे मार रहा है."